तेराशिमासानची म्हातारी

मी व्हिडिओ गेमच्या कंपनीत काम करते असं सांगितलं की आपल्या मंडळींचा चेहरा जरा पडायचा. रॉटरडॅमच्या गणेशोत्सवात एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे त्या ढिशुम ढिशुमवाल्या? इंजिनिअरिंग करून?" आजूबाजूची सगळी बँकांत, विमा कंपन्यांत. त्यांच्यात मी म्हणजे लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेली सर्कशीतली बाई. मी काकांना समजावलं, आमच्या गेममध्ये बंदूक नसते. एक नदी असते, एक नावाडी असतो, तो माणसांना या काठावरून त्या काठावर नेतो.

"आणि?"

"आणि काही नाही."

काकांनी माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

हे "आणि काही नाही" ज्यांच्या डोक्यातून निघालं ते तेराशिमासान. सान म्हणजे आपलं राव किंवा साहेब. मी त्यांना कधी नुसतं तेराशिमा म्हटलं नाही, आणि आता ते भेटण्याची शक्यता नसतानाही म्हणवत नाही.

स्टुडिओचं नाव लिहीत नाही. ते विकलं गेलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी ते कपाटात ठेवून दिलंय. जपानमधल्या एका बंदराच्या गावात, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत पाच पोरांनी तो सुरू केला. तेराशिमासान त्या पाचांतले एक. पहिलाच खेळ नावाड्याचा. कुणी विकत घेईल असं त्यांच्या घरच्यांनाही वाटत नव्हतं, पण लोकांनी घेतला, आणि नुसता घेतला नाही, तर तो खेळून आपापल्या आईला फोन केले. दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला. खोलीची इमारत झाली, पाचाचे काहीशे झाले, आणि एक दिवस युरोपातही शाखा हवी असं ठरून रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेल गावात नदीकाठच्या एका ऑफिसात आमचं दुकान थाटलं गेलं. खिडकीतून नदी दिसते म्हणून ही जागा निवडली, असं तेराशिमासान सांगत. भाडं कमी होतं म्हणून निवडली, असं योस्ट सांगायचा. योस्ट आमचा मुख्य प्रोग्रॅमर, सहा फुटांच्या वर उंच, आणि मनात आलेलं ओठांवर अडवून धरणं हा अप्रामाणिकपणा आहे असं मानणारा अस्सल डच.

मी तिथे लागले तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. जपानमध्ये नवे मालक आले होते. त्यांना मोबाइलवरचे खेळ हवे होते: रोज उघडा, रोज बक्षीस घ्या, रोज थोडे पैसे टाका. एका बैठकीत तेराशिमासाननी म्हणे एवढंच विचारलं, "मग खेळ संपणार कधी?" न संपणं हाच तर त्यातला धंदा होता. एवढ्या जुन्या माणसाला नारळ देता येईना, म्हणून त्यांना मानानं हॉलंडला धाडलं. तिथे एक खेळ करा म्हणाले. शेवटचा हा शब्द कुणी उच्चारला नसेल, पण तेराशिमासाननी तो ऐकला होता.

माणूस दिसायला अगदी साधा. काटकुळे, साठीला टेकलेले, इस्त्रीच्या शर्टावर राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर. ऑफिसात शिरताच बूट काढून कापडी सपाता घालायचे. पहिले काही दिवस डच पोरं हसली. हिवाळा आला तेव्हा निम्म्या ऑफिसच्या पायांत सपाता होत्या. योस्टच्या मापाच्या मिळेनात म्हणून त्याच्या आजीनं विणून दिल्या.

सायकल त्यांना चालवता यायची, पण रस्ता पार करणं जमायचं नाही. इथे सायकलवाल्याला पाहून मोटार थांबते, तो नियमच आहे. तेराशिमासान मोटार थांबली की सायकलवरून उतरत, कमरेत वाकत, आणि हातानं खूण करत, आधी तुम्ही. मोटारवाला म्हणे, तुम्ही. हे म्हणत, छे छे, तुम्ही. मागे रांग लागे. एकदा योस्ट त्यांच्या मागेच सायकलवर होता. तो ओरडला, "तेराशिमा, हा नियम आहे, उपकार नाही!" त्यावर त्यांनी योस्टलाही वाकून नमस्कार केला.

कामात मात्र हा मऊ माणूस एक इंच हलत नसे. "मो इक्काइ" हे त्यांचं पालुपद. म्हणजे, अजून एकदा. रागावून नाही, अगदी हळू आवाजात, आणि म्हणूनच जास्त धसका बसायचा. माझी लेक एरवी घरात मराठीला डचमध्ये उत्तर देते, पण तिनंही हा शब्द उचलला आणि तिसऱ्या धिरड्यासाठी वापरायला लागली.

वल्ही मारताना खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर कसा थरथरावा, हे माझं काम होतं. मी ते छान बसवलंय असं माझं मत होतं. तेराशिमासाननी दोन वल्ही मारून पाहिली आणि म्हणाले, "पाणी हलकं आहे." मी बदललं. "मो इक्काइ." पुन्हा बदललं. आठवडाभर हेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, की पाणी पाण्यासारखंच आहे, मी आता आणखी काय करू? शनिवारी त्यांनी मला नदीवर बोलावलं. एका क्लबातून मुलांना शिकवायची रुंद नाव मागून आणली होती. मी साताऱ्याची. पोहायला शिकले तीही विहिरीत, पाठीला डबा बांधून. वल्हं आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं. तेराशिमासान समोर बसले होते आणि पाण्याकडे नाही, माझ्या कोपराकडे बघत होते. हाताला फोड आले, दम लागला, तेव्हा म्हणाले, "आता सांग. कसं वाटतं?"

"जड."

"कुठे?"

मी खांद्यामागे हात लावून दाखवला.

"नावाड्याला तिथे वाटतं. खेळणाऱ्याला ते बोटांत वाटलं पाहिजे."

सोमवारी मी केलं ते त्यांनी तपासलं, डबा उघडला, आणि भाताचा एक गोळा अर्धा करून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांची शाबासकी ती एवढीच. पण त्या अर्ध्या गोळ्यासाठी आम्ही सगळे काय वाटेल ते करायला तयार असायचो.

आणि मग तो शुक्रवार. आमच्याकडे दर शुक्रवारी बाहेरच्या एका माणसाला खेळायला बोलावत. ज्यानं जन्मात गेम खेळला नाही असाच माणूस हवा. टपाल टाकणारा आला, दातांची डॉक्टर आली, योस्टची आजी येऊन खुर्चीत झोपून गेली. पाहुण्याला तेराशिमासान स्वतः चहा करून दोन्ही हातांनी देत. मग तो खेळायचा आणि आम्ही मागे गुपचूप उभे. एकच दंडक: बोलायचं नाही. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. पाहुणा अडला तर चूक त्याची नाही, आपली.

एका शुक्रवारी पाहुणा मिळेना. माझी आई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. मी तिलाच नेलं. "मला कुठलं येतंय ते," म्हणत ती साडीखाली बूट घालून निघाली, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून रव्याचे लाडू घेतले. तेराशिमासाननी तो डबा असा काही दोन्ही हातांत घेतला, की आई मला म्हणाली, "बघ, शिक काहीतरी."

त्या दिवशी जो भाग खेळायचा होता तो खेळाचा गाभा होता. गावाला पूर येणार असतो. सगळी माणसं पलीकडे गेलेली असतात. ही नावाड्याची शेवटची फेरी. काठावर एक म्हातारी बसलेली असते, ती नावेत यायला तयार नसते. मुलगा यायचाय म्हणते. नावाड्यानं तिला तिथेच सोडून निघायचं. नाव मधोमध गेली की पाणी चढतं, आणि वळून पाहिलं तर काठच नसतो. हे दृश्य करायला आम्हाला वर्ष लागलं होतं. आधीचे पाहुणे इथे हटकून रडायचे, आणि आम्ही मागे एकमेकांना कोपरखळ्या मारायचो.

आईनं नाव थोडी पुढे नेली. थांबली. परत फिरवली. मग नावाड्याला खाली उतरवलं, म्हातारीशेजारी नेलं आणि बसायचं बटण दाबलं. नावाडी बसला. आईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

पडद्यावर ढग सरकत होते. पूर काही येईना, कारण नाव निघाल्याशिवाय पूर येत नव्हता. आम्हीच तसं लिहिलेलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. योस्ट माझ्या कानाशी पुटपुटला, "ती अडकलीये." तेराशिमासाननी हात वर करून त्याला गप्प केलं. आईनं चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसली. शेवटी तेराशिमासाननीच स्वतःचा नियम मोडला. मला म्हणाले, "त्यांना विचार, त्या पुढे का जात नाहीत?"

मी विचारलं. आईला प्रश्नच कळेना. "अगं, मुलगा येईपर्यंत हिला एकटीला टाकून कशी जाऊ? बसते की मी. मला कुठे घाई आहे?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. तेराशिमासान खिडकीपाशी जाऊन नदीकडे बघत उभे राहिले. आई मला दटावत होती, "मी काही मोडलं का गं त्यांचं?"

सोमवारी ते एकेकाच्या टेबलापाशी आले. बैठक बोलावून जाहीर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आधी प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी उकिडवं बसून, हळू आवाजात बोलायचं, आणि मग बैठकीत फक्त माना हलवायच्या. मला म्हणाले, "आपण चुकीचं केलं. लोक रडतात ते आपण त्यांना दुसरा रस्ता दिला नाही म्हणून. जो थांबेल त्याच्यासाठी इथे काहीतरी असायला हवं." थांबलं तर म्हातारी बोलायला लागेल. तिचं ऐकत बसलं, तर ती शेवटी आपण होऊन नावेत चढेल. आणि तिला पलीकडे न्यायचं. ऐकायला हे एवढंच. पण एक म्हातारी वाचली की तिच्यापुढचा सगळा खेळ बदलतो. निम्मं काम मोडून पुन्हा करावं लागणार होतं.

योस्टनं त्यांना सरळ सांगितलं, आणि सगळ्यांसमोर. "ती एक भारतीय आजी आहे. ती आपलं गिऱ्हाईक नाही. ती हा गेम कधीच विकत घेणार नाही."

"खरं आहे," तेराशिमासान म्हणाले. "पण तिचं बरोबर आहे."

योस्ट आठवडाभर धुसफुसत होता. आणि मग सगळ्यांत जास्त राबला तो तोच. म्हातारीचं मूळ जपानी नाव गळून पडलं आणि माझ्या तोंडचा शब्द उचलून सगळे तिला "म्हातारी" म्हणायला लागले. डच जिभेवर तिची "मातारी" व्हायची. "मातारीचा पाय नावेत अडकतोय," असं योस्ट गंभीर चेहऱ्यानं ओरडायचा, आणि मला हसू आवरायचं नाही. ते माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे दिवस. तेव्हाही ते कळत होतं. सुख नंतरच कळतं असं म्हणतात, ते काही खरं नाही.

आई साताऱ्याहून दर रविवारी फोनवर विचारायची, "म्हातारीचं कुठवर आलं?" मी सांगायचे, आता बोलायला लागली. आता हसली. आता उठून उभी राहिली. आईला इथल्या हवेपेक्षा आणि माझ्या तब्येतीपेक्षा त्यात जास्त रस होता.

जपानहून एक तरुण साहेब येऊन गेला. अतिशय नम्र. त्यानं आमचा खेळ थोडासा पाहिला, उशीर का झाला ते विचारलं, आणि यात रोजचं बक्षीस कुठे बसवता येईल, असंही विचारलं. तेराशिमासाननी वाकून निरोप दिला, उत्तर दिलं नाही. नंतर कळलं की तिकडचा मूळ स्टुडिओ तोवर आवरायला काढला होता. त्या बंदराच्या गावातली इमारत रिकामी होत होती, आणि हे त्या तरुणाला माहीत होतं, तेराशिमासानना नव्हतं.

ज्या दिवशी हे संपलं, त्या सकाळी म्हातारी नावेत होती. नाव मधोमध होती. तिचं पलीकडच्या काठावर पाऊल टाकणं तेवढं राहिलं होतं, आणि तेराशिमासान त्यासाठी लवकर येऊन बसले होते. म्हातारं माणूस नावेतून उतरताना आधी हात कुठे टेकतं, हे ते खुर्चीतून उठून, पुन्हा बसून, स्वतःवरच करून बघत होते. "मो इक्काइ" स्वतःलाच म्हणत होते. एवढ्यात सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. जपानहून कुणीतरी कागद बघून वाचत होतं. स्टुडिओ बंद. युरोपातली शाखा बंद. चालू खेळ रद्द, तो प्रकाशित होणार नाही. आभार. आम्ही टेबलांपाशी परतलो तोवर कॉम्प्युटरांना कुलपं पडली होती. तेराशिमासान काळ्या पडद्यासमोर उभे राहिले, मग खुर्ची नीट आत सरकवली.

लोक रडले. मीही रडले. माझा तर इथे राहायचा परवानाही त्या नोकरीवरच होता, दुसरी लवकर शोधली नाही तर गाशा गुंडाळावा लागणार होता. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला परवाना आठवला नाही. म्हातारी आठवली.

दारात योस्टनं तेराशिमासानना गाठलं. म्हणाला, "माझ्याकडे कालची एक कॉपी निघेल. आपण ती घरी पूर्ण करू. कुणाला कळणार नाही." नियमांवर बोट ठेवणारा योस्ट हे म्हणत होता. तेराशिमासाननी त्याच्या दंडावर हात ठेवला, तिथवरच त्यांचा हात पोचायचा. "काम आपलं होतं, योस्ट. वस्तू त्यांची आहे." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे. एवढं सरळ असू नये माणसानं. ज्यांनी एका बटणानं सगळं पुसलं त्यांच्याशी कसली निष्ठा? पण कॉपी त्यांनी घेऊ दिली नाही, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर योस्टनंही ती ठेवली नाही.

आईच्या शुक्रवारामुळे उशीर झाला नसता तर खेळ बाहेर आला असता का? योस्टला वाटतं, हो. मला वाटतं, आला असता आणि तरी स्टुडिओ बुडालाच असता. आईनं एक जपानी कंपनी बुडवली, असं माझा नवरा पूर्वी गमतीनं म्हणायचा. आता तोही म्हणत नाही.

मला एका बँकेत नोकरी मिळाली. गणेशोत्सवातले काका खूश झाले. तेराशिमासाननी कापेलचं घर आवरलं. परत जाऊन मेहुण्याच्या फळबागेत हातभार लावेन म्हणाले. गेमच्या कुठल्याही कंपनीत पुन्हा जाणार नव्हते. जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांना दुपारी जेवायला बोलावलं. आई पुन्हा आली होती. तिला मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. "चाललंय, चाललंय" म्हणत वेळ मारून नेली होती. ते यायच्या आधी मात्र तिला बजावलं, "आई, गेमचा विषय काढू नकोस हं. त्यांचं तिकडचं काम थांबलंय."

"मी कशाला काढतेय," आई म्हणाली.

तेराशिमासान आले. तोच राखाडी स्वेटर. भरली वांगी, कढी, भात असा साधाच बेत होता. त्यांनी पानात शीतही ठेवलं नाही, आई मनापासून खूश झाली. आग्रह करून वाढत होती, ते वाकून घेत होते. माझी लेक त्यांना शाळेतलं काहीतरी डचमध्ये सांगत होती, आणि त्यांना कळत नसूनही ते मान हलवत होते. मला वाटलं, निभावलं. जेवणं झाली, हात धुऊन सगळे बाहेरच्या खोलीत आलो, आई सोफ्यावर टेकली, आणि न राहवून तिनं विचारलंच. थेट त्यांनाच, मराठीत, हातानं नाव पलीकडे गेल्यासारखं दाखवत.

"म्हातारी पोचली का हो?"

म्हातारी हा शब्द त्यांना माझ्याइतकाच पाठ होता. मी घाईघाईनं काहीतरी सारवासारव करणार होते, तोच ते खुर्चीतून उठले. आईसमोर आले, जमिनीवर गुडघे टेकून बसले, दोन्ही तळवे फरशीवर ठेवले, आणि कपाळ आईच्या पावलांजवळ टेकवलं. जपानी माणूस असा वाकतो तेव्हा तो नमस्कार नसतो. ती माफी असते, आणि ती फार मोठ्या गुन्ह्यासाठी राखून ठेवलेली असते. ते फरशीकडे तोंड करून जपानीत बोलत होते. त्यातलं मला जेवढं कळलं ते एवढंच होतं, की तिला पलीकडे नेता आलं नाही, तुम्ही सांगितलं होतं आणि मला जमलं नाही, मला क्षमा करा.

"अहो, अहो, हे काय! एवढे मोठे साहेब तुम्ही!" आई गडबडून पाय आत घ्यायला लागली. मग तिची गडबड आपोआप थांबली. कुणी पायाशी वाकलं तर काय करायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिनं पुढे होऊन उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"औक्षवंत व्हा. सुखी राहा," आई म्हणाली.

तेराशिमासानचे खांदे हलायला लागले. आईनं हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. ते काय म्हणतायत, असं ती डोळ्यांनीच विचारत होती.

"नमस्कार करतायत, आई," मी म्हटलं.

आईनं हात काढला नाही, आणि ते बराच वेळ उठले नाहीत.